मास्साब आणि मलिहाबादचं दूध

रेवा आणि ईशान,

गेल्या रविवारी फोनवर रेवाने विचारलं, "आजी, मी घरी चीज करायला घेतलंय, पण दूध जमतच नाही. चार तास झाले, नुसतं पातेल्यात बसलंय." मी विचारलं, दूध कुठलं? तर म्हणाली, खोक्यातलं, दोन महिने टिकतं ते. मी तेवढ्यापुरतं उत्तर दिलं की ते दूध इतकं तापवलेलं असतं की त्यात जमायची ताकद उरत नाही. दुकानात चार-सहा दिवसच टिकणारं साधं दूध मिळतं, ते घे. तेव्हा मागून ईशानचा आवाज आला, "आजीला हे कसं माहीत? आजी तर चीज खातच नाही."

खात नाही हे खरं आहे. कसं माहीत, ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. ही गोष्ट तुमचे आजोबा माझ्यापेक्षा रंगवून सांगतात, पण अलीकडे ते तिच्यातला माझ्या चुकीचा भाग गाळायला लागले आहेत. चांगुलपणाने गाळतात, पण मग गोष्टीत काही उरत नाही. तेव्हा ती मीच लिहून ठेवते.

नव्वदच्या दशकाच्या मध्याला आजोबांची बँकेतून लखनौला बदली झाली आणि आम्ही आलमबागेत भाड्याने राहायला गेलो. तुमची आई तेव्हा दहा वर्षांची. मी सांगलीचं मराठी बोलायची, ती मला लखनौच्या हिंदीत उत्तर द्यायची. घरमालक खाली राहत, आम्ही वर. ते एका इंटर कॉलेजात, म्हणजे बारावीपर्यंतच्या शाळेत, रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेले, पत्नी वारलेली, मुलगी लग्न होऊन कानपूरला. अख्खी गल्ली त्यांना 'मास्साब' म्हणायची, म्हणजे मास्टरसाहेब. मीही तेच म्हणेन.

घर बघायला गेलो तेव्हा मी उत्तरं तयार ठेवली होती: माणसं किती, पाणी किती लागतं, कांदा-लसूण खाता का. मास्साबांनी यातलं काहीच विचारलं नाही. चहा पुढे केला आणि म्हणाले, "बहूजी, आप दूध कब उबालती हैं?"

मी म्हटलं, "आल्याबरोबर."

त्यांनी डोळे मिटले. दाढ दुखत असताना मिटतात तसे. मग म्हणाले, "खैर. घर आपका है."

मास्साब चीज करत. पनीर नव्हे, पनीरचं नाव काढलं तरी त्यांना चालत नसे. "पनीर तो हादसा है, बहूजी. दूध फट गया, कपड़े में बाँध दिया, नाम रख दिया. चीज इरादा है." बाजारात मिळणारं डब्यातलं चीज तुमची आई एकदा खात बसली होती, तर तिला त्यांनी अत्यंत अदबीने विचारलं, "बिटिया, यह साबुन कहाँ से मँगवाया?"

त्यांना हा नाद कॉलेजच्या ग्रंथालयाने रद्दीत काढलेल्या एका जुन्या इंग्रजी पुस्तकामुळे लागला. मुखपृष्ठ नव्हतं, पहिली वीस पानं नव्हती, त्यामुळे सुरुवात कशी करायची हे सोडून बाकी सगळं त्यात होतं. सुरुवात त्यांनी स्वतःची बनवली. कुठे अडलं की पुस्तक घेऊन वर यायचे आणि जिन्याच्या वरच्या पायरीवर थांबून खोकायचे. मी एम.ए. इंग्रजी, त्यामुळे मला चीजमधलं सगळं समजत असणार अशी त्यांची खात्री होती. मला एक अक्षर समजत नसे. पण वाक्यरचना उलगडून द्यायची एवढं मी करू शकत होते, आणि तेवढं त्यांना पुरायचं.

त्यांचा हंगाम दसऱ्यानंतर सुरू होई आणि होळीला संपे. "होली के बाद चीज नहीं बनती, जुर्म बनता है." बाकीचे महिने ते दुधाचा शोध घेत. गळ्यात बुटाच्या नाडीला बांधलेला प्रयोगशाळेतला थर्मामीटर, आणि सदऱ्याच्या खिशात लॅक्टोमीटर, म्हणजे दुधात सोडून ते दाट की पातळ हे बघायची काचेची नळी. आमच्याकडे दूध घालणारा भैया सायकल टेकवायचा तेव्हा मास्साब ओट्यावर हजर असत. दुधाचा थेंब अंगठ्याच्या नखावर घ्यायचे, हात उभा करायचे आणि थेंब किती सावकाश ओघळतो ते बघायचे. मग चौकशी, म्हशीला पेंड कुठली चारली याची.

"भैंस ने कल क्या खाया?"

"मास्साब, हमने कल क्या खाया, यही याद नहीं. भैंस का क्या बतावें."

"सरसों की खली खाई है. बू आ रही है."

"तो पूछते काहे हैं, जब सूँघ ही लिए?"

हा संवाद रोज होई. भैया जाताना माझ्याकडे बघून म्हणायचा, "भौजी, इनकी तो शादी भी ऐसे ही जाँच के हुई होगी." मास्साब हे ऐकायचे आणि न ऐकल्यासारखं करायचे. लखनौमध्ये ती एक कला आहे.

चीजसाठी दूध जमायला परदेशात जे वापरतात ते वासराच्या पोटातून येतं. ते त्यांना चालत नव्हतं, आणि मिळतही नव्हतं. पण चौकातल्या एका पंसाऱ्याकडे, म्हणजे जडीबुटीच्या दुकानात, पनीर डोडा नावाची वाळलेली बोरांएवढी फळं मिळत. ती कुटून कोमट पाण्यात भिजवायची, गाळायची आणि ते पाणी कोमट, न उकळलेल्या दुधात घालायचं. पाऊण तासात दूध खरवसासारखं घट्ट होतं. मग मास्साब त्यात बोट तिरकं घालून हलकेच वर उचलत. स्वच्छ सरळ चीर पडली की जमलं. कडा चुरगळल्या की अजून थांबायचं. "टूटे, तो सलीके से टूटे," म्हणायचे.

तो पाऊण तास फार महत्त्वाचा. पातेलं हलवायचं नाही, ढवळायचं नाही, झाकण उघडायचं नाही. करण्यासारखं काहीच नसे, म्हणून एरवी फक्त दुधाबद्दल बोलणारा हा माणूस त्या वेळात स्वतःबद्दल बोलायचा. खाँसाहेबांची हकिगत मला अशाच एका पाऊण तासात कळली.

खाँसाहेब त्यांच्याच कॉलेजात भूगोल शिकवायचे. तीस वर्षं शेजारच्या खुर्चीत बसलेला मित्र. निवृत्तीनंतर ते मलिहाबादला आपल्या आंब्याच्या बागेत राहायला गेले. तिथे त्यांनी देशी गाई पाळल्या होत्या आणि दर हिवाळ्यात चीजसाठी दूध पाठवायचे. मास्साबांचं सगळ्यात चांगलं चीज त्याच दुधाचं व्हायचं. आम्ही यायच्या आधी काही वर्षं, एकदा बागेत जुन्या सहकाऱ्यांची दावत होती. नुकतं काढलेलं दूध आलं. मास्साबांनी सवयीने खिशातली नळी काढून त्यात सोडली, आकडा वाचला आणि पंधरा पाहुण्यांसमोर म्हणाले, "खाँसाहब, पानी है."

खाँसाहेब उठून आत गेले. तेव्हापासून बोलणं बंद, दूधही बंद.

"अन् पाणी होतं का?" मी विचारलं.

मास्साब झाकणाकडे बघत बसले. "दूध गरम था, बहूजी. ताजा. गरम दूध में लैक्टोमीटर डूबता है. मलाई ज्यादा हो, तो और डूबता है. दसवीं का बच्चा जानता है." थोड्या वेळाने म्हणाले, "घर पहुँचने से पहले समझ गया था."

"मग परत जाऊन सांगितलं का नाही?"

"पाँच साल से जा ही रहा हूँ."

त्या हिवाळ्यात मात्र घाई झाली. कुणाकडून तरी कळलं की खाँसाहेबांना त्यांचा मुलगा कायमचा हैदराबादला नेतोय, होळीनंतर. त्या दिवसापासून मास्साबांना कुठलंच दूध पसंत पडेना. भैयाच्या म्हशीचं फार जड, पिशवीतलं आधीच तापवलेलं म्हणून कमजोर, कँटच्या, म्हणजे छावणीच्या, बाजूच्या गवळ्याचं 'बेईमान'. एक अख्खं पातेलं त्यांनी चीर नीट पडली नाही म्हणून भैयाच्या म्हशीलाच परत पाठवलं. मला शिस्तीने विचार करायची सवय आहे, त्यामुळे चौथ्या दिवशी मी सरळ विचारलं, "मास्साब, आपको दूध चाहिए या खाँसाहब?"

ते म्हणाले, "माफी तो माँग लूँ, बहूजी. माफी के साथ दूध भी माँगूँ, तो लगेगा दूध के लिए माँगी. और दूध न माँगूँ, तो जाऊँ किस बहाने?"

यावर त्यांनीच उपाय काढला. पत्र लिहायचं, आणि ते मी लिहायचं, इंग्रजीत. उर्दूत माफी मागितली तर माणूस आयुष्यभर लक्षात ठेवतो. इंग्रजीत मागितली तर कचेरीचं काम वाटतं, असं त्यांचं म्हणणं. ते बोलत गेले, मी लिहीत गेले. तापमानाचा दुधाच्या घनतेवर होणारा परिणाम, स्निग्धांशाचा परिणाम, काचेच्या नळ्यांमधले दोष. दीड पान झालं. मी म्हटलं, "यात माफी कुठे आहे?"

"दूसरे पैरा में."

दुसऱ्या परिच्छेदात एवढंच होतं की त्या दिवशीचं वाचन दुर्दैवी परिस्थितीत घेतलं गेलं. मी माझ्या पदरचं एक वाक्य घालू का म्हणून विचारलं, तर म्हणाले, "नहीं, समझदार आदमी हैं, ढूँढ लेंगे."

दहा दिवस उत्तर नाही. मास्साब रोज टपालवाल्याच्या वेळेला ओटा झाडायचे. अकराव्या दिवशी ते चौकात पनीर डोडा आणायला गेले असताना बागेतला एक माणूस दुधाचा मोठा कॅन घेऊन दारात उभा राहिला. "मलिहाबाद से. मास्साब के लिए." चिठ्ठी नाही, निरोप नाही. दहा-बारा लिटर दूध, अजून कोमट.

आता माझी चूक. मी काहीही विचार केला नाही. मी सांगलीच्या घरात वाढले, जिथे दूध दारातून आलं की थेट चुलीवर जातं. मध्ये ते खाली ठेवणंसुद्धा हयगय समजतात. शिवाय हे दुसऱ्याच्या घरचं दूध, पाच वर्षांनी आलेलं. ते माझ्या हातून नासलं तर मी तोंड काय दाखवू? मी दोन मोठी पातेली काढली आणि सगळं दूध व्यवस्थित उकळलं. तीन वेळा वर येऊ दिलं. जाळीनं झाकलं. आजोबा म्हणतात की मी तेव्हा गुणगुणत होते. ते खरं नाही.

तुमची आई शाळेतून आली आणि दारातच थबकली. "मम्मी, यह मास्साब वाला था ना? आपने सारा उबाल दिया?"

मी पातेल्याकडे बघितलं आणि खालीच बसले.

मास्साब आले. त्यांनी जाळी उचलली, गळ्यातला थर्मामीटर दुधात धरला, वाचला, पुसला आणि परत सदऱ्याच्या आत सोडला. मी म्हटलं, मला बोला, रागवा. ते म्हणाले, "आपने बड़ी जहमत उठाई, बहूजी." म्हणजे, केवढा त्रास घेतलात. यापेक्षा भांडं फेकलं असतं तर मला बरं वाटलं असतं. तरीही एका पातेल्यातलं दूध कोमट करून त्यांनी त्यात फळांचं पाणी घातलं आणि झाकण ठेवून समोर बसले. पाऊण तास झाला, दोन तास झाले. दूध दूधच राहिलं. ते इतकंच म्हणाले, "अब दोबारा किस मुँह से माँगूँ."

तोवर मी सावरले होते. फळाचं पाणी न पडलेलं एक पातेलं बाकी होतं. मी ते आटवत ठेवलं, वेलदोडा-जायफळ घातलं आणि बासुंदी केली. दुसऱ्या दिवशी सकाळी डबा भरला आणि खाली जाऊन सांगितलं, "दूध मी उकळलं. तेव्हा सांगायला मी जाते मलिहाबादला."

"आपको रास्ता नहीं मालूम."

"विचारत जाईन."

"लोग गलत बताएँगे," असं म्हणून त्यांनी चपला घातल्या. झोळीत डोड्याच्या पाण्याची बाटली टाकताना मी त्यांना पाहिलं, पण पाहिलं नाही असं दाखवलं. दोन वर्षांत लखनौने मलाही थोडं शिकवलं होतं.

खाँसाहेब बागेत खाटेवर उन्हात बसले होते. उंच, पाठीत वाकलेले, अंगावर करड्या रंगाची शाल. मास्साब फाटकाजवळच आंब्याच्या खोडाचं निरीक्षण करत थांबले. मी पुढे जाऊन नमस्कार केला, कोण ते सांगितलं आणि सरळ म्हटलं, "आपने जो दूध भेजा था, वह मैंने उबाल दिया."

"कितना?"

"सारा."

खाँसाहेबांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग त्यांचे खांदे हलायला लागले. आवाज न करता, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "पाँच बरस में पहली दफा दूध भेजा, और वह भी उबल गया." मग आवाज चढवून फाटकाकडे, "मास्साब, आइए. पेड़ में पानी नहीं है."

मास्साब येऊन खाटेच्या कडेला टेकले. अर्धाच देह खाटेवर.

"आपकी चिट्ठी मिली थी," खाँसाहेब म्हणाले. "दो दफा पढ़ी. माफी कहीं नहीं मिली."

"बहूजी की अंग्रेजी है," मास्साब म्हणाले. मी एम.ए. असल्याचा मला इतका पश्चात्ताप कधी झाला नव्हता.

खाँसाहेबांनी हाक मारून एका भुऱ्या गाईचं दूध काढायला लावलं. फेसाळती बादली दोघांच्या मध्ये आली. "लीजिए," ते म्हणाले, "लगाइए अपना लैक्टोमीटर." आता ते हसत नव्हते.

मास्साबांचा हात खिशात गेला आणि तिथेच राहिला. मला वाटलं, आता हे तापमानावर बोलणार आणि आपण घरी जाणार. पण ते बादलीकडे बघत म्हणाले, "गरम दूध में नहीं लगाते. उस रोज भी गरम था. गलती मेरी थी, खाँसाहब. मैं उसी शाम जान गया था."

"उसी शाम?"

"जी."

"और बताने में पाँच बरस. दूध तो आधे घंटे में ठंडा हो जाता है, मास्साब."

 खाँसाहेबांनी थोडं सरकून खाटेवर जागा केली. मास्साब नीट बसले, पूर्ण. मग नेहमीच्या आवाजात म्हणाले, "यह चौंतीस-पैंतीस डिग्री होगा इस वक्त. चूल्हे की भी जरूरत नहीं," आणि झोळीतून बाटली काढली.

बादलीत डोड्याचं पाणी घातलं, वर थाळी ठेवली. पाऊण तास हलवायचं नाही, बोट लावायचं नाही. मी गाई बघायच्या निमित्ताने लांब गेले. झाडांमधून मला फक्त दोन पाठी दिसत होत्या आणि मधूनमधून एक हात हवेत काहीतरी रेखाटायचा. परत आले तर थाळी कधीची काढलेली होती, दही घट्ट होऊन बाजूंनी निवळी सुटली होती आणि दोघं बासुंदीचा डबा संपवत होते. "बहूजी," खाँसाहेब म्हणाले, "दूध का इतना अच्छा अंजाम तो आपने किया. ये क्यों रोते फिर रहे थे?"

ते दही निथळून आम्ही घरी आणलं. त्याचं चीज जिन्याखालच्या गार कोनाड्यात ओल्या फडक्यात सात आठवडे मुरलं. होळीच्या आदल्या आठवड्यात खाँसाहेब निरोप घ्यायला आले तेव्हा मास्साबांनी ते कापलं. खरं सांगायचं तर कडू होतं. त्या फळांनी कडूच होतं, आणि वरून चामड्यासारखं चिवट. आजोबांनी 'वा' म्हटलं आणि पाणी प्यायले. खाँसाहेब बराच वेळ चावत राहिले, डोळे मिटून, पारखी माणसासारखे. मग म्हणाले, "मास्साब, पानी है."

मास्साबांना एवढं हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही.

खाँसाहेब हैदराबादला गेले आणि चौथ्या दिवशी त्यांचा माणूस ती भुरी गाय घेऊन आमच्या दारात आला. चिठ्ठी होती, उर्दूत, एका ओळीची. मास्साबांनी ती मला वाचून दाखवली: बाकीच्या कुणालाही दिल्या, हिचं दूध तुमच्याशिवाय कुणी इतकं तपासणार नाही. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत घातला, परत काढला.

मग अंगणात गाय. तिने माझा चिकनच्या कढ़ाईचा, म्हणजे लखनवी भरतकामाचा, दुपट्टा दोरीवरून ओढून अर्धा खाल्ला आणि तुमच्या आईची भूगोलाची वही पूर्ण. दुसऱ्या दिवशी सकाळी भैया आला, सायकल टेकवली, गाईकडे पाहिलं, मास्साबांकडे पाहिलं आणि गंभीर चेहऱ्याने विचारलं, "मास्साब, गाय ने कल क्या खाया?"

"कढ़ाई," मास्साब म्हणाले. "महीन काम की."

आमची बदली झाली त्यानंतर तीन वर्षं दोघांची पत्रं लखनौ-हैदराबाद चालू होती, असं मास्साबांच्या मुलीने कळवलं. आधी मास्साब गेले, मग वर्षभरात खाँसाहेब. मास्साब गेल्यावर मुलीने गाय भैयाला दिली.

मागच्या हिवाळ्यात आम्ही एका लग्नाला लखनौला गेलो होतो. ते घर पाडून तिथे चार मजले झालेत, समोरून मेट्रो जाते. भैया आता थकलाय, त्याचा मुलगा धंदा बघतो. भैया मला ओळखून म्हणाला, "आइए भौजी, दिखावें," आणि शहराबाहेरच्या गोठ्यात घेऊन गेला. मलिहाबादच्या त्या गाईची चौथी पिढी तिथे आहे. रंग तोच, भुरा. सकाळ-संध्याकाळ दूध देते.

तुमची,
आजी